भोंग्यावरचं बोट

सहा गोल, चौदा बिहाइंड : पन्नास.
त्यांचे आठ गोल, तीन बिहाइंड : एक्कावन्न.
वीस वेळा दार ठोठावून आम्ही उंबऱ्याबाहेर,
ते अकरा वेळा आले आणि घर घेऊन गेले.

कडेनं लावलेल्या गाड्या
हॉर्न न वाजवता धुळीत निघून गेल्या.
गव्हाच्या कोठारांची सावली मधल्या वर्तुळात शिरली,
आणि मी टाइमकीपरच्या खोक्यात बसून
दहापैकी गुण देतोय,
बत्तीस वर्षं देतो तसे, वहीच्या मागच्या पानावर.

लॅफन. एक गोल, सात बिहाइंड.
सातही वेळा गवत उपटून उडवलं, वारा पाहिला,
सातही वेळा वाऱ्यालाच दोष दिला.
अंगण वाकडं असतं तर मीच सांगितलं असतं, बाळा,
रोलर मी फिरवतो.
तीन. त्यातला एक, गुरुवारी सरावाला आलास म्हणून.

क्लिंगे, रकमन. बेकरीवाला, पहाटे तीनला उठतो.
तिसऱ्या क्वार्टरपर्यंत प्रत्येक उडीत
आभाळाला हात लावून आला,
चौथ्यात पाय कणकेचे झाले.
सात.

ट्रेगिअर, कप्तान. फार बोलला.
पाच.

हॅनफर्ड, फुल-बॅक, वय एकेचाळीस,
दोन्ही गुडघे पट्ट्यांत आवळलेले.
त्यांच्या त्या ताडमाड पोराला
दिवसभरात एकच गोल करू दिला,
आणि त्यानंतर स्वतःच्याच मांडीवर चापट मारली,
दुसऱ्या कुणाच्या नाही.
नऊ. दहा मी कुणाला देत नाही.

बाकीचे सहा-सहा.
पंचांना गुण नाहीत. बायको म्हणायची, वही पेट घेईल.

राहिला एह डो.
सोळा वर्षांचा, पहिलाच सामना.
आईबाप कोंबड्यांच्या कारखान्यात रात्रपाळीला,
सीमेवरच्या छावणीतून आलेले, कॅरेन लोक.
मावश्या कुंपणाला धरून उभ्या होत्या,
नियम न कळता, नेमक्या क्षणी ओरडत.
तीन क्वार्टर पोरगा चेंडूच्या मागे होता,
चेंडू दुसऱ्याच गावाला.
मग शेवटच्या मिनिटाला
हॅनफर्डनं मुठीनं उडवला, ट्रेगिअरनं न बोलता पुढे दिला,
आणि एह डो धावत सुटला.
तो लंबगोल चेंडू, जो सख्ख्या आईचं ऐकत नाही,
दोनदा जमिनीवर आपटून दोनदा
त्याच्याच हातात परत आला.
लाथ. उंच खांबांच्या बरोबर मधून.

गोल-पंच हलला नाही.
पांढरी निशाणं खालीच.
कारण लाथेच्या आधी, पापणीएवढं आधी,
भोंगा वाजला होता,
आणि भोंग्यावरचं बोट माझं होतं.

घड्याळात शून्य होतं. मी शून्य पाहिलं, दाबलं.
शेजारी त्यांची टाइमकीपर, टार्नबूलची उना,
नंतर बराच वेळ झाकण पिळत बसली. म्हणाली,
"मी चहा ओतत होते, नेव्ह.
घड्याळाकडे पाहतच नव्हते."
एवढंच. आणि कप पुढे केला.

थोड्या वेळानं खिडकीशी ते पोर,
बूट गळ्यात अडकवलेले, कोपरातून रक्त.
"मला ऐकूच आला नाही," म्हणाला,
"आधी वाजला होता ना?"
"आधी वाजला होता."
त्यानं मान हलवली,
दुकानदारानं सुटे पैसे बरोबर दिल्यावर
गिऱ्हाईक हलवतं तशी,
आणि मावश्यांकडे गेला.

आठ लिहिलं होतं. खोडून नऊ केलं.
मग नवाकडे पाहत बसलो.

खाली एक ओळ उरलीय.
तिथे माझं नाव लिहून ठेवलं, पुढे काहीच नाही,
पेन्सिलीचं टोक गेलंय, असं आपलं समजू.
परतीचा सामना ऑगस्टात, टार्नबूलला.
थर्मास मी नेणार आहे.